चिंचखेड फाट्यावरच्या तीन चिंचा

९ जानेवारी २०२५

"बाई, पयले तिकिटं काढा. पाखरं मांगून मोजजा!"

सूर्यभान. आज पुन्हा. भरल्या गाडीत, आरशातून माझ्याकडे बघत, मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं. सगळी गाडी हसली. गालात तंबाखूचा खर्रा धरून स्वतःही हसतोय!

तिकिटं झालेली होती. पूर्णेचा पूल यायच्या आत माझी सगळी तिकिटं होतात. बारा वर्षं कंडक्टर आहे, चेकरला अजून बोट ठेवायला जागा दिली नाही. उरलेल्या वेळात खिडकीतून काय बघायचं ते मी बघीन. ड्रायव्हरने समोर बघावं.

अकोट ते दर्यापूर: कापशी घारी दोन. एक तर कपाशीच्या वर एकाच जागी पंख मारत उभी, जशी टांगून ठेवलेली. तारेवर चास (नीळकंठ) चार. ज्वारीवर भोरड्यांचा थवा, हजाराच्या वर असेल. तुरीत रोही (नीलगायी) सात.

दर्यापूर ते अमरावती: एक जाडे मास्तर खिडकीत बसले. काही दिसलं नाही.

१७ जानेवारी

झाडांना नंबर पडले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी, बुंध्यावर पांढरा पट्टा अन् त्यावर लाल आकडे. कडुनिंब, बाभळी, एक म्हातारा वड, सगळ्यांना. रस्ता रुंद होणार म्हणतात.

चिंचखेड फाट्यावरच्या तीन चिंचांनाही. २११, २१२, २१३.

हा सगळा खारपाणपट्टा. मैलोन्‌मैल सावली नाही. मोठ्या चिंचा म्हणाल तर ह्याच तीन. पावसाळ्यात अख्ख्या भागातले बगळे, पाणकावळे, शराट्या इथेच घरटी करायला येतात. मागच्या जुलैत मी मोजली होती, बावन्न. दोन मिनिटांच्या थांब्यात, गाडीच्या दारातून, बावन्न! खरी तर जास्तच असतील.

त्यांना नंबर!

३ फेब्रुवारी

सुटी होती. रस्त्याच्या ऑफिसात गेले. अडीच तास बाकावर. मग एका साहेबाने रजिस्टर काढलं. चिकना माणूस, बोलायला गोड. २११ नंबरवर बोट ठेवून वाचून दाखवलं: "चिंच. घेर अमुक. उंची अमुक. पक्ष्यांची घरटी: निरंक."

"पाहणी कधी केली?"

"डिसेंबरमध्ये."

"डिसेंबरात घरटी कशी दिसतील? ते जूनमध्ये येतात!"

"मॅडम, पण पाहणी डिसेंबरमध्येच होती ना." लहान पोराला समजावतात तसं.

म्हणजे दिवाळीच्या सुटीत शाळेत जायचं, वर्ग रिकामे बघायचे, अन् लिहून टाकायचं — इथे पोरं नाहीत, शाळा पाडा! मी हे त्याला म्हटलं. तो हसला. मग विचारलं, "तुम्ही कोण? एनजीओ?"

"कंडक्टर."

"अच्छा." त्या एका 'अच्छा'मध्ये सगळं आलं. मग म्हणे, अर्ज द्या.

दिला. पोच घेतली. शिक्का उलटा मारलाय.

२१ फेब्रुवारी

भोरड्या अजून आहेत. पळसावर नुसता कलकलाट. एक भोवत्या हरभऱ्यावरून इतका खाली गेला की सावली अन् तो एकच वाटले.

आज चतुराबाईला झाडांचं सांगितलं. चतुराबाई म्हणजे चिंचखेडची भाजीवाली म्हातारी. रोज दर्यापूरला जाते, पाटी दाराशी ठेवते अन् माझ्याशी भांडते, की पाटीचं तिकीट लावू नको. ती म्हणाली, "त्या चिंचा गेल्या तं मी एस्टीची वाट कोठी पाहू वं? उनात?"

पाखरांचं तिला काही नाही. पण सही देते म्हणाली. अंगठा नाही, सही! "मले येते सही. प्रौढ वर्गात गेली होती मी." सह्यांच्या नव्या अर्जावर तिची पहिली.

सूर्यभानला विचारलं. "मी सरकारी माणूस हाये बाई, मले काहाले गुतवता?" आणि मी कोण आहे? मी काय खाजगी आहे?

१९ मार्च

अकोटच्या बाजूने तोड सुरू झाली. एका दिवसात नऊ झाडं. पोकलेन अन् कटर. सावली होती तिथे आज नुसतं ऊन, अन् गाडीतल्या बाया डोक्यावर पदर ओढून घेतायत अन् म्हणतायत, "रस्ता मस्त होईन पण!"

२ एप्रिल

हे लिहायचं नव्हतं.

सदतीस नंबरचा कडुनिंब. त्याच्या ढोलीत धनेशाची मादी होती. मला तीन आठवडे माहीत होतं. मादी आत बसते, ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते, एक फट ठेवते अन् नर तिला त्या फटीतून भरवतो. पिल्लं मोठी होईपर्यंत ती बाहेर येऊच शकत नाही. हे सगळं मला पुस्तकातून कळलं. चार वर्षांपूर्वी कोणीतरी पक्ष्यांचं पुस्तक गाडीत विसरून गेलं होतं. डेपोत जमा केलं, वर्षभर कोणी न्यायला आलं नाही, मग मलाच दिलं. तेव्हापासून हे वेड.

सकाळी जाताना झाड उभं. दुपारी परत येताना आडवं. आणि नर तारेवर! चोचीत उंबर. उडायचा, जिथे फट होती त्या उंचीवर हवेत जायचा. तिथे काही नाही. पुन्हा तारेवर. उंबर तसंच चोचीत.

मी गाडीतून पोकलेनवाल्याला ओरडले, "ढोलीत पक्षी होता, पाहिला काय?"

"होतं ना काहीतरी बाई. गेलं खाली."

गेलं खाली!

सूर्यभानने त्या ठिकाणी हॉर्न वाजवला, लांब. कशाला? पुढे एकही गाडी नव्हती. डोकं उठलं माझं.

१४ एप्रिल

ड्युटी. गाडीला निळे झेंडे, सूर्यभानने स्वतः बांधले, एक वाकडा. गाडीत लाडू. कोतवाल दोन, वेडा राघू सहा. आज कोणाशी भांडले नाही.

६ मे

पंचेचाळीस. तिकिटाचं मशीनसुद्धा तापून बंद पडतं. मोकळ्या वावरात टिटवी अंड्यांवर उभी, बसलेली नाही, उभी, स्वतःची सावली पाडून. गाडीतून एवढंच दिसलं अन् पुढे गेलो.

संध्याकाळी अमरावतीत लेकीकडे, पायलकडे, राजापेठला मुक्काम. ती एका खोलीत तिघींबरोबर राहते अन् परीक्षेचा अभ्यास करते. तिचे बाबा गेल्यापासून ती माझी आई झालीय. म्हणाली, "आई, तू सगळ्यांशीच भांडून राहिली. त्या साहेबाशी, ड्रायव्हरशी, मास्तरशी. तुझ्या बाजूनं कोणी हाये का नाई?"

"चतुराबाई."

ती हसायला लागली. मला राग आला. मग मीही हसले, पण राग गेला नाही.

तोड थांबलीय. ठेकेदाराचं काहीतरी अडलंय म्हणतात. एकशे नव्वदपर्यंत साफ.

११ जून

चातक! फाट्याच्या अलीकडे, तारेवर. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा.

आणि बगळे आले. गायबगळ्यांची डोकी केशरी व्हायला लागली. २१२ वर काड्यांची ने-आण सुरू.

आज खुशालरावांशी भांडण झालं. फाट्यावर, बरोबर २१२ च्या खाली त्यांचं हॉटेल आहे. बाक, स्टोव्ह, भज्यांची कढई अन् वर ताडपत्री. मी चहा घ्यायला उतरले अन् म्हटलं, काका, तुम्ही तरी अर्जावर सही द्या, तुमचीच झाडं आहेत.

"माहीच हायेत," ते म्हणाले. "माह्या आज्यानं लावली. अन् तोडा म्हून पयली सही बी माहीच हाये."

हातातला कप बाकावर ठेवला.

"काहून काका?"

"काहून म्हंजे? वर पाहा. चार मैने हे असंच. चहात पडते, कढईत पडते. वास असा का माही सून इथं भाकर खात नाई. गिऱ्हाईक टिकत नाई. पिल्लू मेलं का मले उचला लागते. तुमी दोन मिनिटं थांबता कंडक्टरबाई, पाखरं मोजता अन् जाता. मी इथंच राहतो."

"मग हॉटेल हलवा!"

"आज्याच्या झाडाखालून?"

चहा तसाच ठेवून गाडीत चढले. डबल बेल इतकी जोरात मारली की दोरी हातात येता येता राहिली. आजोबांनी लावलेलं झाड! आणि हा माणूस—

(रात्री पुन्हा वाचलं. 'मी इथंच राहतो' हे मात्र खरं आहे. तरीही.)

२९ जून

घरटी ३१. रातबगळे पण आले.

सूर्यभानला नवीन नाद लागलाय. फाटा आला की उतरतो अन् पाना घेऊन टायर ठोकून बघतो. सहाच्या सहा! रोज! मी म्हटलं, डेपोत नाही का बघता येत? "रस्ता खराब हाये बाई, टायरचा भरोसा नाई." वेळेच्या नावाने माझ्यावर ओरडणारा हा माणूस! चला, तेवढ्यात माझी मोजणी होते.

८ जुलै

पत्र आलं! उभ्या उभ्याच उघडलं.

"आपला दि. ३ फेब्रुवारीचा अर्ज योग्य त्या कार्यवाहीस्तव संबंधितांकडे अग्रेषित करण्यात आला आहे."

पाच महिने. एक ओळ. संबंधित कोण ते पण नाही.

१९ जुलै

चौसष्ट! पांढऱ्या शराट्यांची अकरा, पाणकावळ्यांची वीस, बाकी बगळे. पिल्लांचा आवाज गाडीच्या इंजिनवर ऐकू येतो. एक पिल्लू घरट्याच्या काठावर येऊन अर्धं बाहेर वाकलेलं, खालून खुशालराव त्याच्याकडे बघत शिव्या देतायत. मी दारातून बघते. एकमेकांशी बोलत नाही आम्ही.

चौसष्ट लिहून दुसरा अर्ज. तारखेसहित, जातीनुसार. छत्तीस सह्या, सगळ्या माझ्या गाडीतल्या. त्या जाड्या मास्तरांनीही केली, अन् माझी एक वेलांटी सुधारून दिली.

१२ ऑगस्ट

हात अजून दुखतायत. पण आजच लिहायला हवं.

सकाळची गाडी. उभे धरून साठ-पासष्ट माणसं. चिंचखेडच्या अलीकडच्या थांब्यावर एक घोळका चढला, मी त्यांची तिकिटं काढत मागे होते. फाटा आला. चतुराबाई उतरण्यासाठी, नाही, चढण्यासाठी, तिथे उभी. नाही. क्रमाने लिहिते.

चतुराबाई आज मागून, तिच्या लेकीच्या गावाहून बसली होती. माझ्याजवळच उभी. फाट्यावर पोकलेन. आठ दिवस पावसाने उघडीप दिली, तर हे लगेच आले! २११ आडवं पडत होतं. मी ते पाहिलं, बेल मारली, गाडी थांबली. ब्रेक असा लागला की चतुराबाई माझ्या अंगावर आली अन् वांगी सगळ्या गाडीभर.

मी उतरले. चिंचेच्या फांद्या रस्त्यावर अर्ध्यापर्यंत. त्यात पांढरं पांढरं. मला आधी वाटलं कापूस. ती पिल्लं होती. काही हलत होती. काही नव्हती. वर बगळे इतके की आभाळ दिसेना, अन् तो आवाज! मी तो आवाज कसा लिहू!

ठेकेदाराचा एक माणूस, टोपी घातलेला, म्हणाला, "बाई, गाडी घ्या पुढे, काम चालू आहे." पोकलेन २१२ कडे वळत होतं. मी जाऊन त्याच्या समोर उभी राहिले. विचार करून नाही. पायच तिकडे गेले. खाकी साडी, गळ्यात मशीन.

"सरका बाई!"

"नाही सरकत."

"ऑर्डर आहे आमच्याकडे. निरंक लिहिलंय."

"हे निरंक आहे?" मी एक पिल्लू उचलून त्याच्या छातीपाशी धरलं. त्याने ओकलं, पिल्लाने, अर्धा मासा, त्याच्या शर्टावर. तो मागे सरकला.

गाडीतून आरडाओरडा सुरू. "माही तारीख हाये कोर्टात!" "दवाखान्यात नंबर हाये बाई!" एक जण फोनवर डेपोचा नंबर विचारतोय. मी मागे वळून बघितलंच नाही. बघितलं असतं तर गेले असते.

मग चतुराबाई खाली आली. पाटीत उरलेली वांगी रस्त्याच्या कडेला ओतली अन् पिल्लं वेचायला लागली. कापूस वेचतात तसं, भराभर, दोन्ही हातांनी. "हे जितं हाये. हे बी. अवं पोट्टीहो, पाहून काय राहिल्या, उतरा!" आणि बाया उतरल्या. एक, मग चार, मग मोजल्या नाहीत. ओढणीत, पिशवीत, डब्यात. ज्याची कोर्टात तारीख होती तो पण आला अन् फांदी उचलून धरून उभा राहिला. सूर्यभान गाडीपाशी. गाडी रस्त्यात आडवी लागलेली, तिच्यामुळे पोकलेनला २१२ पर्यंत जायला वाटच नव्हती. तेव्हा ते लक्षात नाही आलं.

खुशालराव हाताची घडी घालून हॉटेलात उभे. आजोबांचं एक झाड समोर पडलेलं. मला त्यांचं तोंड वाचता आलं नाही. आणि वाचायला वेळ नव्हता.

फोन कोणी केला कळलं नाही, पण वनखात्याची जीप पाऊण तासाने आली. त्यांच्यातल्या एका पोरसवदा साहेबाने टोपीवाल्याला विचारलं, पिल्लं असताना तोडायची परवानगी दाखव. ती नव्हती. काम बंद!

गाडी एक तास चाळीस मिनिटं लेट.

जिवंत त्रेचाळीस. मेलेली मी मोजायला लागले होते, चतुराबाईने हात धरला. "नको मोजू माय."

१३ ऑगस्ट

पिल्लं अमरावतीला पशुवैद्य आरती मॅडमकडे. रात्रीत आठ गेली. पस्तीस उरली.

१७ ऑगस्ट

पेपरात आलं. "महिला कंडक्टरने बस थांबवून वाचवली पक्ष्यांची पिल्लं." फोटोही. कोणीतरी गाडीतून मोबाईलवर काढलेला, मी पोकलेनसमोर, केस विस्कटलेले. पायलने फोन करून रडून घेतलं. तिने व्हिडिओ कुठे कुठे टाकलाय.

माझं नाव 'मायावती' छापलंय. एवढं पण विचारता येत नाही?

२२ ऑगस्ट

चार्जशीट. "कर्तव्यावर असताना विनाकारण गाडी थांबवून प्रवाशांची गैरसोय..." विनाकारण! हा शब्द मी दहा वेळा वाचला. त्रेचाळीस कारणं होती!

सूर्यभानलाही मिळालीय. मी म्हटलं, "भाऊ, मी सांगते त्यांना, बेल मी मारली, तुमचा काही संबंध नाही."

तो नुसता खर्रा मळत राहिला. म्हणाला, "पाहू ना बाई." घाबरला असेल. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय त्याचं. मला त्याचं वाईट वाटलं, अन् थोडा रागही आला, की त्या दिवशी साधं एक पिल्लू उचललं नाही याने!

७ सप्टेंबर

राजापेठेत सत्कार. शाल, श्रीफळ, झाडाचं रोप. निवेदक तीन वेळा 'रणरागिणी' म्हणाला. मला बोलायला लावलं. मी सांगितलं, झाड पडताना पाहिलं, क्षणभरही विचार केला नाही, बेल मारली. टाळ्या. खरं सांगते, छान वाटलं. बारा वर्षांत कोणी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

पण राग तिथेही आलाच! ज्या साहेबाने 'निरंक' वाचून दाखवलं होतं तो पहिल्या रांगेत! टाळ्या वाजवत! नंतर जवळ येऊन म्हणे, "मॅडम, आम्हाला तुमच्यासारखे जागरूक नागरिक हवेत." मी विचारलं, दुसऱ्या अर्जाचं काय झालं? म्हणे, "बघतो."

चतुराबाईला बोलावलंच नव्हतं. मी शाल तिला नेऊन दिली. तिने दोन बोटांत धरून पाहिली. "पातय हाये," म्हणाली. ठेवून घेतली.

बाहेर आले तेव्हा सूर्यभान रस्त्यापलीकडे टपरीवर उभा होता. "इकडूनच चाललो होतो," म्हणाला. पायलच्या खोलीपर्यंत माझं रोप धरून आला.

२१ सप्टेंबर

आरती मॅडमनी अठ्ठावीस सोडली. तलावाच्या काठावर पेटी उघडली. पहिलं बाहेर आलं, उभं राहिलं, पंख झाडले, परत पेटीत गेलं! सगळे हसलो. मग गेली, एकेक करून.

फाट्यावर २१२ अन् २१३ वरचीही मोठी होऊन उडायला लागली. ऑर्डर आलीय: घरटी रिकामी होईपर्यंत तोड नाही. म्हणजे त्यानंतर आहे! मी तिसरा अर्ज लिहिलाय. रस्ता चार हात पलीकडून वळवा, तिकडे पडीक आहे. नकाशा पण काढला, पट्टीने.

३ ऑक्टोबर

खुशालरावांनी हॉटेल पन्नास पावलं पुढे हलवलं. नवीन ताडपत्री, निळी. मला बघून म्हणाले, "तुमच्या अर्जानं नाई हलवलं. इथं वारा चांगला लागते."

"मग अर्जावर सही?"

"नाई."

चहा दिला. साखर जास्त. २११ च्या उरलेल्या बुंध्यावर पोरं बसली होती.

१६ ऑक्टोबर

चौकशी. टेबलामागे तीन साहेब. मी सगळं सांगितलं, न घाबरता. बेल मी मारली, गाडी मी थांबवली, पुन्हा तसं दिसलं तर पुन्हा थांबवीन, जी शिक्षा असेल ती मला द्या. एकाने विचारलं, नक्की? मी म्हटलं, माझ्याइतकं नक्की कोणाला माहीत असणार?

सूर्यभानला वेगळं आत बोलावलं. दहा मिनिटांत बाहेर. काय सांगितलं म्हणून विचारलं तर, "जे होतं ते." माझ्यावर ढकललं असेल. ढकलू दे.

येताना भोवत्या दिसला. या हिवाळ्यातला पहिला. आणि भोरड्या.

६ नोव्हेंबर

निकाल आला. मी दोषमुक्त. ठपका सूर्यभानवर, बदली चांदूर रेल्वेला, सोमवारपासून.

सोबत त्याचा जबाब जोडलाय: "झाड पडताना व पिल्ले खाली येताना मला समोरून दिसली. कंडक्टर मागे तिकिटे देत होत्या. बेल झाली नव्हती. गाडी मी माझ्या मनाने थांबवली व यंत्राला वाट राहू नये म्हणून आडवी लावली."

लगेच फोन केला. ओरडलेच त्याच्यावर. "खोटं काहून लिहून देलं भाऊ? मला वाचवायला सांगितलं होतं का मी?"

"खोटं कोठी हाये बाई? तुमी बेल मारलीच नव्हती."

"मग इतके दिवस बोलला का नाही? पेपरात आलं, सत्कार झाला..."

"तुमी भल्ल्या खुश होत्या. अन् मी काय सांगू, मले बी पाखराचं वाईट वाटलं म्हून? सारी गाडी हासली असती."

फोन ठेवला. डोळे मिटून ती सकाळ पुन्हा पाहिली. मागची सीट, घोळका, दोन्ही हात मशीनवर. ब्रेक. चतुराबाई अंगावर. वांगी.

गाडी थांबली, म्हणून मी वर पाहिलं.